शेवटचं मूल कुठे बसतं?

२ एप्रिल

नमस्कार.

तुम्हाला काय म्हणून हाक मारावी यातच माझे दोन-तीन कागद फुकट गेले. नावाने लिहावं तर तुम्ही वयाने मोठ्या. 'मॅडम' लिहिलं तर ते आमच्या दवाखान्यातून पेशंटला गेलेलं स्मरणपत्र वाटायला लागलं. शेवटी 'ताई' लिहिते आहे. आवडलं नाही तर तसं कळवा. निदान त्या निमित्ताने तरी कळवा.

गेल्या वर्षी खारूच्या बाबांशी लग्न करून या घरात आले ती मी. कानामागून आली नि तिखट झाली असं तुम्ही मनात म्हणत असाल, तर त्यात तुमची चूक नाही. पत्र लिहिताना माझी आणखी एक पंचाईत झाली आहे. नवऱ्याचा उल्लेख 'हे' असा करायची सोय नाही, कारण एके काळी ते तुमचेही 'हे'च होते. म्हणून मी 'खारूचे बाबा' लिहिणार आहे.

तुमचा दर रविवारी खारूला फोन येतो, तेव्हा मी कपडे वाळत घालायला गॅलरीत जाते. मायलेकींच्या मध्ये कशाला बसायचं? शेजारची मला विचारत होती, तुमच्याकडे रविवारी एवढे कपडे येतात कुठून.

आता कामाचं. खारूला यंदा पहिलीत घालायचं. अर्ज करण्याआधी शाळा बघून याव्यात असं मला वाटतं. इथे तीन शाळा आवाक्यात आहेत. तिन्ही शाळांना फोन करून वेळा ठरवते. खारूच्या बाबांना विचारलं तर म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर." हे ते कुठल्याशा इमारतीची लिफ्ट दुरुस्त करताना, तिच्या खड्ड्यात उभे राहून म्हणाले. त्यांचा निम्मा संसार तिथूनच चालतो, तुम्हाला काय सांगायचं.

पण पोर तुमची आहे. तुम्हाला न विचारता शाळा बघत फिरणं मला बरं वाटेना. तुमचं काही म्हणणं असेल तर सांगा.

आणि एक राहिलंच. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. खारू जेवायला बसताना आधी दुसऱ्याचं पान बघते, वाढलंय का म्हणून. पाणी प्यायल्यावर भांडं उपडं घालते. कुणी काही दिलं तर तोंडातल्या तोंडात का होईना, "छान आहे" म्हणते. हे मी शिकवलेलं नाही, आणि लिफ्टच्या खड्ड्यातूनही आलेलं नाही. मी आयत्या पिठावर रेघोट्या ओढते आहे. पीठ तुम्ही दळून ठेवलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

ती मला 'दातबाई' म्हणते. मी दाताच्या डॉक्टरांकडे काउंटरवर बसते, पेशंटना वेळा देते, म्हणून. दुसरं काही म्हणायला मी लावलेलं नाही, लावणारही नाही.

तुमची,
दातबाई


११ एप्रिल

ताई,

तुमचं उत्तर आलं नाही. 'ताई' नको असंही आलं नाही, म्हणून तेच चालू ठेवते.

पहिली शाळा बघून आलो. वेळ ठरवतानाच माझी फजिती झाली. फोनवर सवयीने मीच म्हणाले, "गुरुवारी सकाळी रिकामं आहे, चालेल तुम्हाला?" पलीकडच्या बाई म्हणाल्या, "अहो, वेळ आम्ही द्यायची असते."

पण खरा घोळ पुढे आहे, आणि तो सर्वस्वी माझा. खारू घाबरू नये म्हणून आदल्या संध्याकाळी मी तिला समजावलं. लहान पेशंटना मी रोज समजावते तसंच. म्हटलं, "मोठ्या बाई तुला बघतील. दोन मिनिटांचं काम. खुर्चीवर नीट बसायचं, रडायचं नाही, झालं की आपण लगेच घरी येऊ." तिने शहाण्यासारखी मान हलवली. बालवाडी सुटली की ती दवाखान्यात माझ्या शेजारी बसते, चित्रं काढते, आणि आत गेलेल्यांचं काय होतं ते तिला पुरतं ठाऊक आहे.

मुख्याध्यापिका बाईंची खोली चकाचक. भिंतीवर ढालीच ढाली. बाई हसून म्हणाल्या, "ये बाळ, बस, बघू या तुला." खारू खुर्चीवर चढली, मान मागे टाकली, डोळे घट्ट मिटले आणि जबडा उघडून "आऽऽ" करून बसली.

बाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हिला काही त्रास आहे का?"

मी दवाखान्याची हकीकत सांगायला लागले, पण हसूच आवरेना. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कसलीशी नोंद केली.

मग त्यांनी शाळा दाखवली. वर्ग, बाकं, खेळायची जागा, सगळं छान आहे. खारू मुकाट चालत होती. शेवटी बाई म्हणाल्या, "तुला काही विचारायचंय?" तर म्हणाली, "शेवटचं मूल कुठे बसतं?"

"शेवटचं म्हणजे?"

"शाळा सुटल्यावर. सगळे गेल्यावर जे राहतं ते."

बाई म्हणाल्या, "आमच्या शाळेत कुणी शेवटचं नसतं, राणी. सगळे पहिलेच!"

बोलणं गोड होतं, पण खारूने तिथून बाहेर पडेपर्यंत माझा हात सोडला नाही. घरी येताना म्हणाली, "त्यांना माहीतच नाही." काय माहीत नाही, ते सांगेना. मी खोदून विचारलं नाही. दात आणि पोराच्या मनातलं, दोन्ही ओढून काढायचं नसतं, असं आमचे डॉक्टर म्हणतात.

तुमची,
दातबाई


१९ एप्रिल

ताई,

पार्सल मिळालं! निळा फ्रॉक तिला अगदी मापात बसला. एवढ्या लांबून, नुसत्या फोनवर "आता केवढी झालीस" विचारून माप कसं काढता? कपड्यांच्या कारखान्यात एवढ्या शिलाई मशीनवर देखरेख करता, तरी पोरीचे कपडे हाताने शिवता. आणि प्रत्येक फ्रॉकला आतून तो चोरखिसा. टाका इतका बारीक की दिसतच नाही. गेल्या फ्रॉकच्या खिशात तिने काय काय साठवलंय सांगू? एक पेन्सिलीचं टोक, दवाखान्यातला कापूस, एक बटण. बटण तुमच्या कोटाचं आहे म्हणे. धुवायला टाकायच्या आधी ती स्वतः सगळं काढते आणि वाळल्यावर परत भरते.

पार्सलात चिठ्ठी नव्हती, पण निरोप पोचला. खारूच्या बाबांना तुम्ही फोनवर म्हणालात, तळ्याजवळच्या मोठ्या शाळेतच घाला. त्यांनी मला तो निरोप असा दिला, जणू लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाची सुटका केली.

तर काल तीच शाळा बघून आलो. तुमचं म्हणणं रास्त आहे, हे आधी सांगते. तिथल्या वाचनालयात लहान मुलांच्या उंचीची कपाटं आहेत. गाण्याची वेगळी खोली आहे. आपल्या पोरीला हे मिळावं असं कुठल्या आईला वाटणार नाही?

पण तिथेही माझा शहाणपणा नडला. पहिल्या शाळेचा धडा घेऊन मी खारूला बजावलं होतं, "तोंड उघडायचं नाही हं." मुख्याध्यापकांनी नाव विचारलं, तिने ओठ घट्ट मिटले. रंग विचारले, आकडे विचारले, ओठ मिटलेलेच. शेवटी ते म्हणाले, "बोलत नाही का ही?" मी तिच्या कानात सांगितलं, "बोलायला उघडलंस तरी चालेल." मग ती एकच वाक्य बोलली. तोच प्रश्न, शेवटचं मूल कुठे बसतं.

साहेबांनी आम्हाला जागा दाखवली, हे त्यांचं चांगलं. कार्यालयाच्या मागे एक खोली आहे. गालिचा, पंखा, टीव्ही, सगळं आहे. खारू दारात उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, "इथून फाटक दिसत नाही."

रात्री जेवली नाही.

तुमच्या निरोपाला मी विरोध करते आहे असं समजू नका. तिसरी शाळा बघायची राहिली आहे, तेवढी बघून येते.

तुमची,
दातबाई


२८ एप्रिल

ताई,

हे पत्र लांबेल. चहा करून बसा.

तिसरी शाळा म्हणजे बाजारामागची, बैठी इमारत, पुढे फरसबंद अंगण. बाहेरून बघाल तर नाक मुरडाल, मीही मुरडलं होतं. फोनवर मोठ्या बाई म्हणाल्या, "मी स्वतः तिसरीचा वर्ग घेते, मला दिवसा उसंत नसते. शाळा सुटताना या." म्हणजे दुसऱ्या दोन शाळा आम्ही सजलेल्या बघितल्या, ही सुटताना बघितली. आमच्या धंद्यातली म्हण आहे असं मी गमतीने म्हणते, पण खरंच, दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. शाळा सुटताना खायचे दिसतात.

खारूला या वेळी मी काहीच शिकवून नेलं नाही. बाई वर्गातच खडूने माखलेल्या हातांनी बसल्या होत्या. म्हणाल्या, "ये गं, बस, बघू तुला." झालं! मान मागे, डोळे बंद, "आऽऽ."

बाई उठल्या, वाकल्या आणि खरंच आत बघितलं. म्हणाल्या, "अरे वा, खालचा पुढचा हलायला लागलाय की तुझा! जिभेने ढकलू नकोस, आपोआप पडेल." खारूने डोळे उघडले. आमच्या दवाखान्यात रोज बसणारी पोर, पण तिचा दात हलतोय हे मला माहीत नव्हतं, डॉक्टरांना नव्हतं, तिलाही नव्हतं. तिने तिथल्या तिथे बोट लावून खात्री केली आणि मग बाईंना एकदम विचारलं, "शेवटचं मूल कुठे बसतं?"

"ते मला नको विचारू, मावशींना विचार. ते खातं त्यांचं."

मावशी म्हणजे शाळेची झाडलोट करणारी बाई. निळा कोट, त्याचा एक खिसा उसवून लोंबत होता, आणि आवाज असा की सगळं अंगण ऐकतं. फाटकाला लागून एक लाकडी बाक आहे, तिथे दोन-तीन मुलं उरली होती. खारू त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तेवढ्यात एका चष्मेवाल्या पोरीचे आजोबा तिला न्यायला आले, तर ती पाण्याच्या टाकीमागे जाऊन लपली! मी म्हटलं, हे काय? मावशी म्हणाल्या, "शेवटचं मूल फाटकाला कुलूप लावतं, अशी रीत आहे इथली. म्हणून ही सोंगं. आईबाप वेळेवर आले की यांची तोंडं वाकडी. ए चष्मे, ये बाहेर! काल तूच लावलंस!"

ताई, खारूचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. ती म्हणाली, "मी रोज शेवटची राहिले तर?"

"रोज? बाकीची पोरं माझं डोकं खातील. इथे पाळी लागते, ठमाबाई."

"आणि कुणीच आलं नाही तर?"

हे तिने इतकं हळू विचारलं की मावशी चक्क खाली बसल्या. तेव्हा मात्र त्यांचा आवाज अंगणभर गेला नाही. म्हणाल्या, "मग मी आहे ना. मी मागच्याच खोलीत राहते, मला कुठे जायचंय? बसू दोघी, भाजी निवडू. कुणी ना कुणी येतंच गं."

परत येताना रस्त्यात खारूने सांगितलं. मी विचारलं नव्हतं, आपण होऊन सांगितलं. जुन्या बालवाडीत एकदा बाबांना वाटलं आई नेईल, आईला वाटलं बाबा नेतील. ती चपलांच्या फळीवर बसून राहिली. बाईंनी दिवे बंद केले, पर्स खांद्याला लावली, तरी कुणी आलं नाही. शेवटी बाईच तिला घरी घेऊन गेल्या. "मी रडले नाही," म्हणाली, "मी फाटकाकडे बघत होते."

तुम्हाला दुखवायला हे लिहीत नाही. त्या दिवसांत तुम्हा दोघांचं बोलणं बंद होतं, निरोप मधल्यामध्ये राहिला. असं कुणाच्याही घरात होतं. मी तर रोज बघते, एका लहान पेशंटला आईबाप दोघंही न्यायला येतात, दुसऱ्याला कुणीच नाही. तिच्याही मनात राग नाही. तिला फक्त बसायला जागा हवी आहे, जिथून फाटक दिसेल.

आता माझी विनंती. अर्जावर आई आणि वडील दोघांच्या सह्या लागतात. खारूच्या बाबांनी केली. तुमच्या सहीचा कागद सोबत आहे, शाळेच्या नावाची जागा कोरी ठेवली आहे. तुम्ही तळ्याजवळची लिहिलीत तर मी तीच भरीन आणि तिथे तिला रोज सगळ्यांच्या आधी घ्यायला जाईन. डॉक्टरांशी मी तसं बोलून ठेवलं आहे. पण मनातलं विचाराल तर मला बाजारामागची हवी आहे, आणि तिलाही. एकदा डोळ्यांनी बघून ठरवाल का? येणं अवघड आहे, माहीत आहे. येण्याजाण्यात अख्खा दिवस जातो आणि तुमच्या कारखान्यात रजा म्हणजे दात काढण्यासारखं. तरी विचारते.

तुमची,
दातबाई


१४ मे

ताई,

तुमचा कागद परवा आला. सही आणि कोऱ्या जागेत लिहिलेलं 'बाजारामागची शाळा'. बाकी एक शब्द नाही. मी तो कागद दोनदा वाचला, वाचण्यासारखं काही नसताना. खारूचे बाबा म्हणाले, "ऐकलं तिने? तुझं?" त्यांना अजून खरं वाटत नाही.

तुम्ही न बघताच माझ्यावर विश्वास ठेवलात असं समजून मी हवेत होते. आज अर्ज द्यायला शाळेत गेले तर मावशी अंगण झाडत होत्या. कोट तोच निळा, पण लोंबणारा खिसा जागच्या जागी. मी सहज म्हटलं, "खिसा शिवलात वाटतं."

"मी कशाला शिवते? सुट्टी लागायच्या जरा आधी एक बाई आली होती. वेळबिळ काही घेतली नव्हती. म्हणाली, जरा बाकावर बसू का? बस म्हटलं. शाळा सुटली, पोरं गेली, ही बसलीच. माझा खिसा बघवेना तिला. पर्समधून सुईदोरा काढला नि कोट माझ्या अंगावर असतानाच शिवला. शेवटच्या पोराने कुलूप लावलं तसे तिने डोळे पुसले. मी म्हटलं, काय गं, तुझं कुणी आहे का इथे? तर म्हणाली, असेल."

मी खिसा उलटा करून बघितला. टाका शोधावा लागला.

एवढ्या लांब आलात आणि घरी आला नाहीत, याचा मला राग आला, हेही लिहून टाकते. लपवून काय करू? आमच्या दारावरून गेला असाल. पण राग संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. तुम्ही आमच्यासाठी आलाच नव्हता. तिथे बसून बघायला आला होता, आणि बघितलंत. माझ्या शब्दावर तुम्ही एक दिवस खर्च केलात, एवढं माझ्यासाठी कुणी केलेलं मला आठवत नाही.

शाळा दहा जूनला सुरू होते. फक्त कळवते आहे.

दातबाई


११ जून

ताई,

काल तुम्ही समोर होतात तेव्हा सांगायचं ते सगळं राहूनच गेलं. दिवसभर काउंटरवर बडबडणारी मी. तुम्ही म्हणालात "बसा," मी म्हणाले "तुम्ही बसा," आणि मग एवढ्या मोठ्या बाकावर आपण दोघी दोन टोकांना, मध्ये आणखी चौघी बसतील एवढी जागा सोडून. म्हणून आज लिहिते आहे.

मी मुद्दाम लवकर निघाले होते. पहिला दिवस, पोरीला फाटकाकडे बघत बसायला लागू नये. धापा टाकत पोचले तर बाकावर तुम्ही आधीच. त्या क्षणी मला काय वाटलं सांगू? वाटलं, चला, आता काहीही झालं तरी ही पोर चपलांच्या फळीवर बसायची नाही. आपण दोघी आलो, मावशी आहेत, तीन-तीन माणसं झाली.

आणि कार्टीने काय केलं! बाहेर आली, तुम्हाला बघितलं, धावत येऊन तुमच्या कुशीत घुसली. तुम्ही तिचे केस नीट करत होतात तेवढ्यात तिची नजर माझ्यावर गेली, मग परत तुमच्यावर, आणि तिचा चेहरा पडला. "दोघीही आलात? एवढ्या लवकर कशाला? मावशींनी आज मला पाळी दिली होती!"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी तुमच्याकडे. आणि ती पुढे म्हणाली, "आता बसा तिथेच. सगळे जाईपर्यंत."

बसलो बाई! एक-एक पोर जात होतं आणि ती मावशींचा निळा कोट धरून फाटकाशी उभी, ठाण मांडून. मध्ये केव्हातरी तुम्ही पर्समधून बिस्किटांचा पुडा काढून बाकावर मध्यभागी ठेवलात. घ्या म्हणाला नाहीत. मी घेतलं. त्या बिस्किटाबद्दल आभार राहिले होते, ते आता मानते.

मग सगळ्यांच्या शेवटी आपण तिघी बाहेर पडलो, तिने दोन्ही हातांनी किल्ली फिरवली आणि गजांतून मावशींच्या हातात दिली. तुम्हाला संध्याकाळची बस होती. जाताना तुम्ही मला म्हणालात, "टाका उसवला तर कळवत जा." मी नुसती मान हलवली. कळवीन, ताई. उसवला नाही तरी कळवीन.

तुम्ही गेल्यावर सफरचंद खाताना तिचा दात पडला. मी आमच्या डॉक्टरांसारखी कापूस घेऊन तयार, पण तिला कापूस नको होता. तिने दात धुतला, पुसला, निळ्या फ्रॉकच्या चोरखिशात ठेवला आणि झोपायला गेली. सकाळी उठून माझ्याकडे आणून दिला. "हा आईला पाठव. ती बारीक वस्तू सांभाळते."

मी बरं म्हटलं आणि पाकीट शोधायला वळले. मी रडत नव्हते, तिला उगाच तसं वाटलं. तिने माझा पदर ओढला आणि म्हणाली, "रडू नकोस, दातबाई. शेजारचा पण हलतोय. तो तुझा."

दात सोबतच्या पुडीत आहे. उघडताना जपून उघडा, फारच लहान आहे. दुसरा पडायला थोडे दिवस लागतील, मी काही घाई करत नाही.

तुमची,
दातबाई